खारवलेले, भरलेले, उकडलेले

चेन्नईत उप्पुमा आणि सॉसेज सहसा एका टेबलावर येत नाहीत. एकाचे गिऱ्हाईक सकाळी सातला टिफिनच्या हॉटेलात बसलेले असते, दुसऱ्याचे पाकीट कोल्ड स्टोरेजच्या दुकानात फ्रीझरच्या तळाशी पडलेले असते. तरी दोन्ही नावे मुळापर्यंत सोलत गेले, तर आत एकच अर्थ सापडतो: खारट. तमिळमध्ये उप्पु म्हणजे मीठ आणि मावु म्हणजे पीठ. उप्पुमावु म्हणजे मीठ घातलेले पीठ, आणि बोलताना त्याचाच झाला उप्पुमा. कन्नडात पिठाला हिट्टु म्हणतात, म्हणून तिकडे तो पदार्थ उप्पिट्टु. तिथून उचलून आपण त्याला उपीट म्हटले. सॉसेजचे घराणे लॅटिन. लॅटिनमध्ये साल म्हणजे मीठ, साल्सुस म्हणजे खारवलेला. त्यातून उत्तरकालीन लॅटिनमध्ये खारवलेल्या मांसाच्या पदार्थाला साल्सिसिया म्हणू लागले, तो शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत गेला आणि साहेबाबरोबर मद्रासला उतरला.

या घराण्यात माणसे बरीच. सॉस तोच, साल्सा तोच, मीठ लावलेल्या पाल्याचे सलाड तेच, खारवून सुकवलेली सलामीही तीच. सॉसेजच्या बशीत एका बाजूला सॉस आणि दुसऱ्या बाजूला काकडी-टोमॅटोचे सलाड ठेवले, की एकाच मिठाची तीन भावंडे शेजारी बसतात. खाणाऱ्याला ती एकमेकांची कोणी लागतात याचा पत्ता नसतो.

इतके सगळे सोडून मिठावरूनच नाव का पडले? कारण मीठ हा या पदार्थाचा प्राण होता. जनावर मारले की सगळे मांस त्याच दिवशी संपत नसे. तुकडे, चरबी, कडेचे मांस बारीक करून त्याला मीठ लावले, की मीठ त्यातले पाणी बांधून ठेवी आणि मांस कुजवणाऱ्या जंतूंना वाढायला वाव राहत नसे. मिठाचे आणखी एक काम आहे. ते मांसातली काही प्रथिने विरघळवते, त्यांचा चिकटपणा वर येतो आणि बारीक केलेले मांस शिजल्यावर एकसंध राहते. कापले की भुगा न होता चकती पडते ती यामुळे. पुढे मिठाबरोबर सोराही वापरात आला. सॉसेज शिजल्यावरही गुलाबी दिसते ते सोऱ्यामुळे किंवा त्याच्या आजच्या भाईबंदांमुळे. म्हणजे टिकणे, बांधले जाणे आणि दिसणे ही तिन्ही कामे क्षारांची. नाव मिठाला मिळाले, यात अन्याय काही नाही.

आपल्याकडे गंमत उलटी झाली आहे. लॅटिनने मिठावरून चविष्ट पदार्थांना नावे दिली, मराठीने चवीवरून मिठालाच नाव दिले. संस्कृतातल्या मृष्ट, मिष्ट या शब्दांचा अर्थ रुचकर, गोड. त्यातून हिंदीत मीठा आला तो साखरेच्या बाजूला गेला, आणि मराठीत मीठ आले ते समुद्राच्या बाजूला. शेजारी राहणाऱ्या दोन भाषांनी एकच शब्द घेऊन दोन टोकांच्या डब्यांवर चिकटवला. नवा हिंदी भाषक पाहुणा मराठी घरात ‘मीठ कमी आहे’ हे वाक्य ऐकून साखरेकडे हात नेतो, तेव्हा दोष त्याचा नसतो.

मीठ आणि मिळकत यांचेही जुने लागेबांधे आहेत. इंग्रजीतला सॅलरी हा शब्द लॅटिन सालारियुमवरून आला आणि तो मिठापासून बनला, एवढे पक्के. रोमन शिपायांना पगार म्हणून मिठाच्या गोण्या मिळत, ही पुढची कथा मात्र सांगणाऱ्यांची. पुराव्यात ती बसत नाही. चेन्नईत हीच कथा तमिळ वेषात भेटते. पगाराला तमिळमध्ये सम्बळम् म्हणतात. बसमध्ये शेजारी बसलेला एखादा शब्दप्रेमी गृहस्थ आवर्जून सांगेल, की सम्बा म्हणजे भात आणि अळम् म्हणजे मिठागर, पूर्वी मजुरी भात आणि मीठ अशी मिळे म्हणून सम्बळम्. ऐकायला फार गोड. पण प्रवासाच्या शिदोरीला संस्कृतात शंबल म्हणतात आणि कोशकारांचा कौल तिकडे आहे. मराठी माणूस या वादात पडतच नाही, कारण त्याने पगार हा शब्द सरळ पोर्तुगीजांकडून घेतला. पोर्तुगीज पागार म्हणजे पैसे चुकते करणे, आणि त्याच्या मागचे लॅटिन क्रियापद म्हणजे शांत करणे, समाधान करणे. महिनाअखेरीस मालक आपल्याला शांत करतो, ही कल्पना मिठाच्या कथेपेक्षा अनुभवाला जास्त धरून आहे. मिठाचे नाते आपण पगाराऐवजी इमानाशी जोडले. आपण खाल्ल्या मिठाला जागतो, घेतल्या पगाराला जागतो असे कोणी म्हणत नाही.

सॉसेजला लॅटिनमध्ये दुसरेही एक नाव होते, बोटुलुस. त्याचे लहान रूप बोटेल्लुस, म्हणजे छोटे सॉसेज. इंग्रजीत आतड्याला बॉवेल म्हणतात तो शब्द या बोटेल्लुसवरून आला. आधी आतडे आणि मग त्यात मांस भरून केलेला पदार्थ, असा निसर्गाचा क्रम. शब्दांचा क्रम याच्या उलट: पदार्थ पाहून माणसाने स्वतःच्या पोटातल्या अवयवाला नाव दिले. मराठीने असला आचरटपणा केला नाही. संस्कृत अंत्र, त्याचे आतडे, आणि त्या आतड्याला आपण माया चिकटवली. आपले आतडे तुटते, पिळवटते, कोणासाठी तरी कळवळते.

याच बोटुलुसने वैद्यकाला एक भीतिदायक शब्द दिला. जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्ग प्रदेशात सॉसेज खाऊन माणसे दगावत. पापण्या जड होत, गिळता येत नसे, श्वास बंद पडे. युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने १८२० आणि १८२२ साली या विषबाधेची सविस्तर वर्णने लिहून ठेवली. हा गृहस्थ कवीही होता. पुढे या रोगाला सॉसेजवरूनच बोटुलिझम म्हणू लागले. १८९५ साली बेल्जियममधल्या एका गावात मयताच्या जेवणात हॅम खाऊन वाजंत्री मंडळी आजारी पडली, तेव्हा फान एर्मेंगेम या शास्त्रज्ञाने त्यामागचा जंतू शोधून काढला. हॅममध्ये सापडूनही जंतूच्या नावात सॉसेज राहिले ते राहिलेच. आज त्याच विषाचा अतिसूक्ष्म अंश सुरकुत्या घालवण्यासाठी टोचतात. बोटुलिनुम आणि टॉक्सिन यांची मोडतोड करून त्याचे बोटॉक्स झाले. चेन्नईतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या पाट्यांवर हा शब्द दिमाखाने झळकतो. कपाळ गुळगुळीत करून बाहेर पडणाऱ्याला आपल्या कपाळावर रोमन खाटकाचा शब्द लिहिलेला आहे याची कल्पना नसते. स्वयंपाकघराच्या दृष्टीने यातला उपयोगी भाग एवढाच, की हे विष उकळीपुढे टिकत नाही. ८५ अंशांच्या वर पाच मिनिटे तापवले की ते निकामी होते. त्या जंतूचे बीजाणू मात्र साध्या उकळीला दाद देत नाहीत, म्हणून शिजवलेलेही उघड्यावर तासन्‌तास ठेवायचे नसते.

मिठावरून पडलेले एक नाव, वेष्टनालाच नाव देऊन गेलेले दुसरे. मग आत जे भरले, त्याचे काय? लॅटिनमध्ये फार्किरे म्हणजे ठासून भरणे. फ्रेंच स्वयंपाकात सारणाला अजूनही फार्स म्हणतात. मध्ययुगात फ्रान्समध्ये धार्मिक नाटकांच्या अधेमधे विनोदी तुकडे भरत, त्यांनाही फार्स म्हटले गेले. हे रंगभूमीवरचे सारण. तो शब्द इंग्रजीतून मराठीत आला तोही थेट नाटकात. एकोणिसाव्या शतकात पौराणिक नाटकाला जोडून फार्स करण्याची रीत पडली, आणि विसाव्या शतकात बबन प्रभूंनी फार्स हाच मुख्य पदार्थ करून दाखवला. ‘झोपी गेलेला जागा झाला’ पाहून पोट धरून हसणाऱ्या प्रेक्षकांनी पोटाशी संबंधित शब्दावरच पोट धरले होते.

ठासून भरण्याला आपला शब्द पुरण. संस्कृतात पूरण म्हणजे भरणे, भरण्याची वस्तू. मराठीत त्याचा अर्थ आकसून गूळ घालून शिजवलेल्या डाळीपुरता राहिला, आणि करंजीत, मोदकात भरायच्या बाकीच्या मालाला आपण सारण म्हणतो. तमिळने अर्थ आकसू दिला नाही. तिथे पूरणम् म्हणजे आत भरलेले काहीही: खोबरे-गुळाचे, तिळाचे, तिखट उडीद डाळीचेसुद्धा. विनायक चतुर्थीला घरोघरी कोळुक्कट्टै, म्हणजे तिकडचे मोदक, होतात तेव्हा ‘आज कोणते पूरणम्?’ हा प्रश्न तिथे सरळ विचारता येतो. मराठीत ‘आज कोणतं पुरण?’ असे विचारले, तर सुगरण फार तर हरभऱ्याचे की तुरीचे एवढेच सांगेल.

ते पुरण पोटात घेऊन आपली पोळी तंजावरच्या वाटेने मद्रासला गेली. सतराव्या शतकाच्या शेवटच्या पावशतकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले. त्यानंतर पावणेदोनशे वर्षे मराठी ही कावेरीकाठच्या दरबाराची भाषा होती. व्यंकोजींची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाला असलेल्या रघुनाथ नवहस्तांनी ‘भोजनकुतूहल’ लिहिले, ते याच काळात. दरबार गेला, माणसे राहिली. तंजावरी मराठी बोलणारी बरीच घराणी नोकऱ्यांच्या निमित्ताने मद्रासला आली, आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी १९१२ साली महरट्टा एज्युकेशन फंड उभा राहिला. पण या मंडळींच्या आधी आणि त्यांच्यापेक्षा जास्त घरांत त्यांची पोळी पोचली. तमिळमध्ये ती बोळी झाली. वेस्ट मांबलममध्ये संध्याकाळी तव्यावरच्या गरम बोळीसाठी गर्दी होते, आणि त्या गर्दीत हा शब्द मराठी आहे असे मानणारे फारसे कोणी नसते. शब्द खऱ्या अर्थाने मुरला, हे ओळखायची हीच खूण.

मांसाचे सारण आतड्यात भरण्याची कल्पनाही इथल्या मातीला नवी नव्हती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. त्यातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात आतड्यात मसाल्याचे सारण भरून निखाऱ्यावर भाजायची कृती आहे, तिचे नाव मंडलीय. मंडल म्हणजे वेटोळे, म्हणजे इथे नाव आकारावरून पडलेले दिसते. मीठ आणि सारण यांच्या जोडीला आकार हा नाव ठेवण्याचा आणखी एक मार्ग. हा शब्द मात्र पोथीत राहिला. वंशज मागे न ठेवता गेलेल्या शब्दांत त्याची गणना करावी लागते.

भरून उकडण्याच्या घराण्यातला एक शब्द तर वेष पालटून आपल्या घरात गोड झाला आहे. इंग्रजी पुडिंग हा शब्द बहुधा फ्रेंच बुदँवरून आला, आणि बुदँ म्हणजे रक्त-चरबी भरून उकडलेले सॉसेज. इंग्लंडात पुडिंग आधी आतड्यात भरून उकडत. सतराव्या शतकात आतड्याच्या जागी कापडाची पुरचुंडी आली, मग आतले मांस जाऊन मैदा, मनुका, साखर आली, शेवटी कापडही गेले. लग्नाच्या बुफेत कॅरमल पुडिंगवर ताव मारणाऱ्या शुद्ध शाकाहारी मंडळींना ही वंशावळ जेवण झाल्यावर सांगावी.

काही नावे गावांवरून पडली. इटलीच्या दक्षिणेला लुकानिया नावाचा प्रदेश होता. रोमन शिपाई तिथून एक मसालेदार सॉसेज शिकून आले, म्हणून त्याला लुकानिका म्हणू लागले, असे वार्रो या रोमन पंडिताने दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवून ठेवले आहे. त्याचेच ग्रीक लुकानिको, स्पॅनिश लोंगानिसा. पुढे फ्रँकफर्टचे ते फ्रँकफर्टर आणि व्हिएन्नाचे ते वीनर. फ्रँकफर्टला शिकलेल्या एका खाटकाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नात दुकान काढले. त्याच्या मालाला व्हिएन्नाचे लोक आजही फ्रँकफर्टर म्हणतात आणि बाकीचे जग वीनर म्हणते. पदार्थाचे श्रेय नेहमी दुसऱ्या गावाला द्यायचे, ही खवय्यांची जुनी खोड. म्हैसूर मसाला डोसा मुंबईच्या फुटपाथवर जितका दिसतो तितका म्हैसुरात दिसेल याची खात्री नाही.

मराठी माणसाला सॉसेजची सगळ्यांत जवळची ओळख गोव्याची. तिथले चोरीस म्हणजे पोर्तुगीज शोरिसू. हा शब्दही शेवटी त्या खारवलेल्या साल्सिसियाच्याच वंशातला, असे एक मत आहे. व्युत्पत्तिकारांचे त्यावर एकमत नाही. पदार्थाने मात्र गोव्यात आल्यावर आपला संसार पूर्ण नव्याने मांडला. डुकराच्या मांसाचे तुकडे, सुक्या मिरच्या, लसूण, मिरी-लवंगांसारखे गरम मसाले आणि माडाच्या ताडीचे व्हिनेगर. मिठात मुरवून आतड्यात भरायचे, दोऱ्याने गाठी मारून माळ करायची आणि उन्हात किंवा धुरावर सुकवायचे. बाजारात या माळा टांगलेल्या असतात.

चेन्नईला पोर्तुगीज इंग्रजांच्या शंभर वर्षे आधी आले होते. मैलापूरच्या लुझ चर्चवर १५१६ हे साल आहे, शेजारच्या सां थोमे भागाचे नावही त्यांचेच. तमिळने त्यांच्याकडून सावी घेतली जी आपली चावी, खिडकीसाठी जन्नल घेतले, अलमारी घेतली, मेसै म्हणजे टेबल घेतले. घरातले सामान सगळे घेतले, चोरीस मात्र घेतले नाही. तमिळमध्ये सॉसेजला तोत्तिरैच्चि असा शब्द आहे, इरैच्चि म्हणजे मांस. पण दुकानात मागताना सगळे सॉसेजच म्हणतात. चोरीस हा शब्द चेन्नईत ऐकू येतो तो गोव्याहून परतलेल्या मराठी किंवा कोकणी माणसाच्या घरी, बॅगेतली माळ बाहेर निघते तेव्हा.

ती माळ शिजवण्याची रीत अगदी सोपी आहे. दोरा कापून मणी सुटे करायचे, काही जण वरचे आवरणही काढून टाकतात. पातेल्यात चोरीस, भरपूर उभा चिरलेला कांदा आणि जेमतेम बुडेल एवढे पाणी. तेल घालायचे नाही, कारण चरबी सुटणारच आहे. मीठ घालायचे नाही, कारण ते आधीच पुरेसे आहे. नावाने दिलेली ताकीद इथे कामाला येते. बटाटे घालायचे तर अर्ध्यावर. पाणी आटत आले, लाल तवंग वर आला आणि कांदा त्यात विरघळला, की झाले. पावाबरोबर किंवा गोव्याच्या पोयबरोबर खायचे. चेन्नईत पोय मिळत नाही, पण गरम भाताबरोबरही त्याचे बरे जमते.

पाकिटातल्या चिकन सॉसेजची तऱ्हा वेगळी. बहुतेक ती कारखान्यातून शिजूनच आलेली असतात, घरी फक्त तापवायची. इथे लोक घाई करतात आणि खळखळत्या पाण्यात सोडतात. आवरण आखडते, आतली वाफ बाहेर यायला बघते, सॉसेज फुटते आणि त्याची चव पाण्यात जाते. पाणी ७५-८० अंशांवर असावे. कच्च्या मांसाची असतील तर आतला गाभाही नीट शिजायला हवा: डुकराचे ७१ अंश, कोंबडीचे ७४. थर्मामीटर नसला तरी मराठीला कान आहेत. पाणी खळखळते, भात रटरटतो, पिठले खदखदते. पाण्याने यांतला एकही आवाज काढायच्या आत, तळाशी बारीक बुडबुडे धरले असताना, सॉसेज आत जायला हवे. सर्व प्रकारच्या उकळीला एकच क्रियापद असणाऱ्या भाषेतल्या पाककृतीला आकडे लिहावे लागतात, कारण हा फरक तिच्या शब्दात मावत नाही.

आणि इथे उकडणे हा शब्द येतो. संस्कृत क्वथ् म्हणजे उकळणे. काढा, कढी, कढणे ही त्याची मुले, आणि उत् हा उपसर्ग लागून उकडणे, असे कोशकार सांगतात. मराठीने या क्रियापदाला दोन कामे दिली. बटाटा उकडतो आणि माणसालाही उकडते. चेन्नईत मे महिन्यात अग्निनक्षत्रम् लागले, समुद्रावरचा वारा पडला, की मराठी माणसाच्या तोंडून दिवसातून पन्नास वेळा ‘काय उकडतंय’ निघते. तो समजतो, ही आपल्या भाषेची तक्रार. पण शेजारचे तमिळ गृहस्थ त्याच वेळी पुळुक्कम् म्हणत कपाळ पुसत असतात, आणि त्यांच्या घरी इडलीसाठी आणलेला तांदूळ असतो पुळुंगल अरिसी. दोन्ही शब्द पुळुंगु या एकाच क्रियापदाचे: वाफेत शिजणे आणि उकाड्याने हैराण होणे. अरिसी म्हणजे तांदूळ. पुळुंगल अरिसी म्हणजे आपला उकडा तांदूळ, पुळुक्कम् म्हणजे आपला उकाडा. एक भाषा आर्यकुळातली, दुसरी द्राविड. एकीने दुसरीकडून शब्द घेतलेला नाही. पण दोघींनी भात भिजवून वाफवताना पाहिला, दोघींनी समुद्रकाठचा दमट उन्हाळा भोगला, आणि दोघींना भातात आणि माणसात विशेष फरक वाटला नाही.

मराठीत स्वतःचा असा सॉसेजला शब्द नाही, आणि त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. नावे पदार्थाबरोबर जहाजातून, रेल्वेतून, पिशवीतून येतात. सॉसेज आले, चोरीस आले, पाव आला, बटाटा आला, व्हिनेगर आले. आपली पोळी तमिळमध्ये गेली. पण ते शिजवण्याची क्रियापदे पाहा: चिरणे, परतणे, उकडणे, आटणे, मुरणे, शिजणे. पातेल्यातली नामे चार मुलखांची, क्रियापदे सगळी घरची. त्यांत शिजणे हा तर दागिना आहे. संस्कृत सिध्यति, म्हणजे सिद्ध होणे, पूर्णत्वाला जाणे, त्यातून शिजणे. साधकाला जे आयुष्यभराच्या तपाने मिळते ते मराठीत डाळीला तीन शिट्ट्यांत मिळते.

मद्रासच्या इंग्रजी घरांतही असेच होत असणार. कर्नल केनी-हर्बर्टने वायव्हर्न या टोपणनावाने १८७८ साली ‘क्युलिनरी जॉटिंग्ज फॉर मद्रास’ छापले. त्यात मद्रासी खानसाम्याला त्याने सरसकट रामस्वामी म्हटले आहे आणि साहेबाने त्याच्याकडून फ्रेंच धर्तीचे जेवण कसे करून घ्यावे हे शिकवले आहे. मेन्यूवर नावे फ्रेंच, हुकूम इंग्रजी, आणि मागच्या स्वयंपाकघरात रामस्वामी मदतनिसाला जे सांगत असेल ते तमिळ. नावावर साहेबाची मालकी, कृतीवर रामस्वामीची.

आता क्रियापदांच्या या शेवटच्या ठाण्यालाही धक्का बसतो आहे. पूर्वी परकी क्रियापदे घेताना आपण त्यांना णे लावून घरात घेत होतो. बदलणे, खर्चणे, आजमावणे ही फारसी-अरबी मुळातून आलेली मंडळी आता परकी वाटत नाहीत. इंग्रजीचे तसे होत नाही. आपण ‘बॉइलणे’ म्हणत नाही, ‘बॉइल कर’ म्हणतो. चेन्नईतला तमिळ मुलगा ‘बॉइल पण्णु’ म्हणतो, आणि पण्णु म्हणजे करणे. दोन्हीकडे क्रियापदाचे काम करणे या एका हमालावर पडते आणि बाकीचे नुसते ओझे होते. ‘सॉसेज बॉइल करून सर्व्ह कर’ या वाक्यात सॉसेज खुशाल असू दे. बॉइलने मात्र उकडणे, वाफवणे, उकळणे यांतला भेद पुसला, आणि पाणी खळखळू देऊ नकोस हे सांगायची सोय गेली.

‘सर्व्ह कर’ने तर त्याहून जास्त नेले. सर्व्ह हा शब्द सेवकाच्या लॅटिन नावावरून आला. त्यात एक धनी असतो आणि एक चाकर. तमिळमध्ये पानात वाढण्याला परिमारु म्हणतात, आणि एकमेकांशी विचारांची देवाणघेवाण करण्यालाही तेच क्रियापद लागते. त्यात वाढणारा आणि जेवणारा समोरासमोर असतात, कोणी वर-खाली नसते. मराठीने याला वाढणे म्हटले: मूल वाढते तेच, झाड वाढते तेच. देवापुढे नारळ फोडला तरी आपण तो ‘वाढवला’ म्हणतो, कारण घरात काही तुटले, संपले असे तोंडाने म्हणायचे नाही. पातेल्यातले कमी होत असताना जी भाषा ‘वाढू का आणखी?’ असे विचारते, तिने व्याकरणाच्या आधी यजमानाचा धर्म शिकून घेतलेला असतो. पाकिटावरची नावे दुकानदार बदलतील, नवी आणतील, आपण ती बिनधास्त घ्यावीत. पानावर बसलेल्याला मात्र चेन्नईत परिमारायचे आणि मराठी घरात वाढायचे. सर्व्ह करायला हॉटेले आहेत.